उत्तरागणिक वाट बदलणारा अर्ज

गाव नमुना बारा म्हणजे गावातील पिकांची नोंदवही. पूर्वी तलाठ्याने शिवारात फिरून ती भरावयाची असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि खातेदाराने स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून ही नोंद करावी अशी सोय झाली. कोणता रकाना कोठे लागू नाही हे तलाठ्यास सरावाने ठाऊक असे. खातेदारास ते अर्जानेच सांगावयास हवे. नोंद चुकली तर नुकसानभरपाईच्या किंवा हमीभावाच्या खरेदीच्या वेळी अडचण त्याच्यापुढे उभी राहते.

छापील अर्जात ‘असल्यास’ हा एक शब्द पुष्कळ भार वाहत असे. ‘ओलीत असल्यास साधन लिहावे’ असे छापले की कोरडवाहू शेतकरीही क्षणभर थबकून तो रकाना वाचीत असे. संगणकीय अर्जाला मात्र नको असलेला प्रश्न मुळीच न दाखविण्याची सवलत आहे. ई-पीक पाहणीत विभाग निवडल्यावर त्यातील जिल्हे, मग तालुके, मग गावे पुढे येतात. पुढे गट क्रमांक व हंगाम. त्यानंतर पिकाचा वर्ग विचारला जातो आणि तेथे खरा फाटा फुटतो. निर्भेळ पीक असेल तर एकच नाव पुरते. पारनेर, पाथर्डीकडे बाजरीत तूर घेतली असेल तर मुख्य व दुय्यम पिके वेगळी सांगावी लागतात. तेव्हा ज्या उत्तरावर पुढील वाट ठरते तो प्रश्न आधी विचारावा. दहा रकाने भरून झाल्यावर ‘आपण पात्र नाही’ असे कळविणे हा अर्जदाराच्या वेळेचा अपव्यय होय.

सर्वांत अवघड जागा म्हणजे मागे फिरणे. समजा, खातेदाराने सिंचनाचे साधन विहीर व पद्धत ठिबक अशी नोंदविली. मग चूक ध्यानात येऊन त्याने कोरडवाहू हा पर्याय निवडला. पद्धतीचा प्रश्न पडद्यावरून गेला, पण ‘ठिबक’ हे उत्तर आत राहिले, तर कोरडवाहू जमिनीवर ठिबक संच असल्याची नोंद शासनदप्तरी पोहोचेल! म्हणून अखेरच्या स्वीकृतीत केवळ दाखविलेल्या प्रश्नांचीच उत्तरे घ्यावीत. तथापि खातेदाराने पुन्हा ‘विहीर’ निवडल्यास जुने उत्तर परत मिळावे, इतकी उदारता अर्ज भरून होईपर्यंत बाळगण्यास हरकत नाही. हीच तपासणी मुख्य संगणकावरही पुन्हा व्हावी. पडद्यावरील बंधनांवर विसंबून चालत नाही. सादर करण्यापूर्वी सर्व उत्तरे एकत्र दाखवावीत व प्रत्येकापाशी दुरुस्तीची वाट ठेवावी.

अर्ज तयार करणाऱ्याने प्रथम कागदावर या फाट्यांचे झाड काढावे. मग त्यावरून अहिल्यानगर जिल्ह्यातील निदान तिघांना चालवून पाहावे: अकोल्याच्या डोंगराळ भागातील भातशेती करणारा, श्रीरामपूरचा कालव्यावरील ऊस बागायतदार आणि जामखेडचा रब्बी ज्वारी पेरणारा. चौथा खातेदार असा घ्यावा की ज्याचे रान यंदा पडीक आहे. रचनाकारास नेमका त्याचाच विसर पडतो, आणि पिकाचे नाव दिल्याखेरीज पुढे सरकू न देणाऱ्या अर्जात तो अडकून बसतो. त्याच्यासाठी ‘चालू पड’ आणि ‘कायम पड’ हे पर्याय पिकाच्या प्रश्नाआधीच असले पाहिजेत.