तोच कायदा पुन्हा पुन्हा कशासाठी?

प्रश्न : तबला शिकताना एकच कायदा महिनोन्‌महिने वाजवून घेतला जातो, त्यातून नेमके काय साधते?

उत्तर : कायदा म्हणजे ठरावीक बोलांची अशी रचना, की जिचे पलटे, म्हणजे विस्तार, मूळ बोलांतूनच बांधावे लागतात, त्यामुळे तो रटाळ वाटला, तरी निकास, अर्थात प्रत्येक बोल कोणत्या बोटाने, कोठे आणि किती वजनाने काढायचा याची शिस्त, त्यातच घडते. ‘तिरकिट’मध्ये सामान्यतः ‘ति’ मधल्या बोटाने, ‘र’ तर्जनीने, ‘कि’ डाव्या पंजाने आणि ‘ट’ पुन्हा मधल्या बोटाने निघतो (घराण्यागणिक यात फरक पडतो, हे खरे), आणि लय वाढली की पहिला बळी जातो तो तर्जनीच्या ‘र’चा. लेहऱ्याच्या, म्हणजे तीनतालाच्या 16 मात्रांचे आवर्तन सतत दाखवणाऱ्या सुरावटीच्या, साथीने विलंबित लयीत तोच बोल घोटताना हा दोष आधी कानाला कळतो आणि मग हाताला सुधारता येतो. मात्र कान मिटून केलेला रियाज चूकच पक्की करतो. 40 दिवसांच्या चिल्ल्याचे, म्हणजे सलग चालणाऱ्या खडतर रियाजाचे, कौतुक करणारे हे बहुधा विसरतात. खालीच्या, म्हणजे तालाच्या टाळीविना दाखवल्या जाणाऱ्या, भागात ‘धा’चा ‘ता’ होताना डग्ग्याची (डाव्या हाताच्या तबल्याची) आस, अर्थात घुमत राहणारा नाद, खरोखर थांबते का, एवढेच एका बैठकीत तपासले तरी पुष्कळ झाले.