'रन' : अनेकार्थता, लक्षणा आणि अनुवाद

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. पुढील सुधारणेत हा मान 'रन'कडे गेला. त्याचे ६४५ अर्थ संपादकांनी वेगळे केले. ही संख्या शब्दाची श्रीमंती म्हणून सांगितली जाते. परंतु कोशकार अर्थ कोठे तोडतो व कोठे जोडतो, यावरही ती अवलंबून असते. म्हणून या अर्थविस्ताराचे तत्त्व कोणते, हा प्रश्न अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो.

'रन'चा मुख्यार्थ पायांनी वेगाने जाणे हा होय. इंग्रजीत मात्र नदी, नाक, रस्ता, घड्याळ, दुकान, नाटक हे सारेच 'रन' करतात. येथे मुख्यार्थाचा बाध होतो, त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ घेतला जातो आणि त्यामागे रूढी असते. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त सांगितलेल्या लक्षणेच्या अटी अशा रीतीने पूर्ण होतात. रूढी दृढ झाली की लक्ष्यार्थ वाच्यार्थासारखाच भासू लागतो व कोश त्याला स्वतंत्र क्रमांक देतो.

मराठीत नदी वाहते, नाक गळते, रस्ता जातो. घड्याळ, दुकान आणि नाटक चालते. सातत्याने कार्यरत असणे ही कल्पना इंग्रजीने धावण्यातून पाहिली, मराठीने चालण्यातून. घर चालवणे, राज्य चालवणे, खटला चालणे, इतकेच नव्हे तर संमतिदर्शक 'चालेल', हा सारा विस्तार मराठीचा स्वतःचा आहे. खुद्द इंग्रजीतही एकवाक्यता नाही. निवडणुकीत अमेरिकन उमेदवार 'रन' करतो, ब्रिटिश उमेदवार 'स्टँड' करतो. मराठी उमेदवारही उभाच राहतो.

याचा अर्थ 'धाव' सर्वत्र त्याज्य आहे असा नाही. 'धावपट्टी'त विमान खरोखर धावते. क्रिकेटमधील 'धाव' हीदेखील मुळात प्रत्यक्ष धावणेच. म्हणून ती मराठीत रुजली. पुढे जागचे न हलता मारलेल्या षटकाराच्याही सहा 'धावा' झाल्या. मुख्यार्थाचे मूळ मराठीत रुजले असल्याने ही लक्षणा कोणास खटकली नाही.

अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कसा ठरतो? भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त संसर्ग, साहचर्य, प्रकरण इत्यादी निर्णायक घटक सांगितले आहेत. कपड्याच्या रंगासंबंधी 'रन' आला की धुताना रंग पसरणे, बँकेसंबंधी आला की ठेवी काढण्यासाठी ग्राहकांची झुंबड. अर्थनिश्चय सोबतच्या शब्दांमुळे होतो.

अनुवादाच्या अध्यापनात म्हणूनच प्रतिशब्दांची यादी पाठ करून घेणे अपुरे आहे. क्रियापद कोणत्या कर्त्यांबरोबर येते, याची उदाहरणे विद्यार्थ्यांकडून जमवून घ्यावीत. नंतर 'लागणे' घ्यावे : भूक लागते, दिवा लागतो, ठेच लागते, निकाल लागतो, बस लागते. यांपैकी प्रत्येकासाठी इंग्रजीत एकच क्रियापद शोधू जाता विद्यार्थ्याला अनेकार्थतेचे स्वरूप आपोआप उमगते.

संगणकावरील आज्ञावली 'रन करणे' हा प्रयोग आज रूढ आहे. यंत्र चालवणाऱ्या भाषेला येथे 'चालवणे' सहज उपलब्ध होते. परके शब्द मराठीने पूर्वीही पचवले आहेत. त्यांचे भय नाही. मात्र नव्या वस्तूंपर्यंत आपल्या क्रियापदांची लक्षणा पोहोचू दिली नाही, तर त्यांचा अर्थविस्तार तेथेच थांबतो. अनुवादकाच्या निवडीला महत्त्व आहे ते यामुळे.