पांढरीवरचे पाहुणे



या वेळचा पाठ बचतीचा नाही, पाहुण्यांचा आहे. दोन ग्रामसंघांनी विचारलं होतं, की बाहेरचे लोक आपला भाग बघायला येतात, त्यांच्यासाठी आपल्या गटांना काही काम करता येईल का? येईल. पण ते काय बघायला येतात आणि ते गेल्यावर आपल्याकडे मागे काय राहतं, हे आधी समजून घेऊ.

माझ्यापासून सुरुवात करते. लहानपणी पहिला मोठा पाऊस झाला की आम्ही पोरी पांढरीच्या उतारावर मणी वेचायला पळायचो. शेतीची ती काळी आणि जुन्या वस्तीची ती पांढरी, हे तुम्हाला सांगायला नको. लाल, पांढरे, धुतले की चमकणारे मणी. शंखाच्या बांगड्यांचे तुकडेही सापडायचे. एकदा सायकलवर एक माणूस आला. त्यानं मूठभर मणी घेतले आणि आम्हा चौघींना एकेक रुपया दिला. आम्ही बर्फाचे गोळे खाल्ले. आपण काय विकलं ते कळायला मला वीस वर्षं लागली.

भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सातवाहनांच्या काळात, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, पैठणहून उत्तरेला उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं हे भरभराटीचं गाव होतं. मध्य प्रदेशातल्या सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं दगडात कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून इथं उत्खनन केलं. मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती असं पुष्कळ निघालं. आणि निघाली एक हस्तिदंती बाई.

आता जरा लांब जाऊ. इटली देशात पॉम्पेई नावाचं शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या एका घरात १९३८ साली वीतभर उंचीची हस्तिदंती भारतीय बाई सापडली. अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन दासी. आज ती नेपल्स शहराच्या संग्रहालयात आहे. आपल्या भोकरदनची मूर्ती आणि ती इतक्या मिळत्याजुळत्या आहेत, की काही अभ्यासक म्हणतात, ती इथल्याच कारागिरांच्या हातची असावी. काही जण वायव्य भारताकडे बोट दाखवतात. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. पण वाद घालता येतो, तो का? कारण भोकरदनची मूर्ती कुठल्या थरातून निघाली, तिच्यासोबत काय होतं, हे लिहून ठेवलेलं आहे. जुनी मातीची भिंत खरवडली की पोताऱ्याचे थर एकाखाली एक दिसतात ना, तसंच पांढरीचं असतं. मी विकलेले मणी आज जिथं कुठं असतील, तिथं ते नुसते मणी आहेत. कोणत्या गावचे, कोणत्या काळातले, कुणाच्या गळ्यातले, काही सांगता यायचं नाही.

म्हणून पाहुण्यांच्या कामातली माझी पहिली अट हीच. कुणी विचारलं, "मावशी, जुनं नाणं-बिणं आहे का?" तर सरळ नाही म्हणायचं. कायदाही आहे. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची जुनी वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, आणि १९७२ च्या कायद्यानं परवान्याशिवाय पुरावस्तूंचा धंदा करता येत नाही. धाब्यावर टाकायला पांढरीची माती नेण्याची आपली रीत जुनी आहे, तिला मी एकदम वाईट म्हणणार नाही. आमच्याही घरावर तीच होती. पण टोपलीगणिक एकेक थर जातो, हे खरं आहे.

आता फिरण्याबद्दल. आम्ही एकदा अजिंठ्याला गेलो, मोठी बस करून, ४५ जणी. घाई, जेवणाचे डबे, लेकरं, "चल गं चल गं". लेण्यात गेलो आणि बाहेर आलो. काय पाहिलं विचाराल तर पुढच्या बाईची पाठ. नंतर कळलं की माणसांच्या श्वासातल्या दमटपणानंसुद्धा तिथली चित्रं खराब होतात, म्हणून चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठरावीक माणसंच सोडतात. आम्ही मात्र दारात उभं राहून कुरकुर करत होतो. चूक आमची होती.

दुसऱ्यांदा आम्ही आठ जणी अन्व्याला गेलो. आपल्याच तालुक्यातलं गाव, साधारण बाराव्या शतकातलं दगडी मंदिर, लोक त्याला मठ म्हणतात. आठच जणी, म्हणून गावातल्या एका म्हाताऱ्या आजी आमच्याबरोबर हिंडल्या. त्यांनी भिंतीवरच्या बायकांच्या मूर्ती दाखवल्या. त्या नुसत्या शोभेच्या बाया नाहीत, विष्णूच्या शक्ती स्त्रीरूपात कोरल्या आहेत. अशा मूर्ती सहजासहजी कुठं बघायला मिळत नाहीत. आजींना अभ्यासकांची नावं माहीत नव्हती, पण कोणत्या मूर्तीवर सकाळचं ऊन कधी येतं ते माहीत होतं. आम्ही त्यांच्याच ओट्यावर भाकरी खाल्ली आणि पैसे दिले. त्या घेत नव्हत्या. "पाहुण्याकडून पैसे घ्यायचे का?" हा प्रश्न तुमच्या गटातही येणार, आताच बोलून ठेवा. माझं मत असं, की बोलावलेला पाहुणा वेगळा आणि ठरवून आलेला वेगळा. ठरवून येणाऱ्याला फुकट जेवू घातलं तर तो अवघडतो आणि आपली बाई दुसऱ्यांदा चूल पेटवत नाही.

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. मेक्सिको आणि ग्वाटेमाला या देशांत माया लोकांची दगडी शहरं आहेत, जंगलात झाकलेली. जगभरातून माणसं ती बघायला जातात आणि समजतात की माया लोक संपले. संपलेले नाहीत, लाखोंनी आहेत. त्याच शहरांच्या आसपास राहतात, आपली भाषा बोलतात. तिथल्या बाया कमरेला बांधायच्या मागावर कापड विणतात आणि त्यांच्याही सहकारी संस्था आहेत. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून त्याच्या भाकरी करतात. आपल्या वावरातली मका आणि पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात ढिगानं येणारी मिरची, दोन्ही मूळच्या तिकडच्याच. चिचेन इत्झा इथल्या मोठ्या पिरॅमिडवर चढायला आता बंदी आहे, कारण एवढ्या पायांनी दगड झिजले आणि माणसंही पडली. तिथंही हाच धडा लोक शिकले, की थोडी माणसं, सावकाश, आणि गावकऱ्यांना विचारून. बाईचा फोटो काढायचा तर आधी तिला विचारायचं. आपल्याकडेही पाहुण्यांना हे पहिल्याच चहाला सांगा. लाजायचं कारण नाही.

हिशोब बघू, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. नुसतं उदाहरण आहे, तुमच्याकडचे भाव धरून मांडा. समजा आठ पाहुणे आले. जेवणाचे माणशी २०० प्रमाणे १,६०० रुपये. भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, एक भाजी. किराणा आणि भाजीचे ६०० गेले, गॅसचे १००. रांधणाऱ्या दोघींना ३०० प्रमाणे ६००. उरले ३००, ते गटाच्या खात्यात. वाट दाखवायचे माणशी ५० प्रमाणे ४००; दाखवणारीला ३०० आणि गटाला १००. म्हणजे एका दिवसात तिघींना ९०० रुपये मिळाले आणि गटाकडे ४०० आले. लई मोठी रक्कम नाही, पण ती गावातच राहिली. बस भरून पन्नास जण आले तर हेच गणित पन्नासचं होईल असं समजू नका. तेव्हा पत्रावळ्या बाहेरून येतात, आचारी बाहेरून येतो, बाटल्यांचा ढीग मात्र आपल्याकडे राहतो. म्हणून बारापेक्षा जास्त पाहुणे एका दिवशी घ्यायचे नाहीत, असा ठराव करावा असं मला वाटतं. ज्या घरी जेवण, त्या घराची पाळी लावा, नाही तर एकाच घरी पैसा जातो आणि गटात कुजबुज सुरू होते. ते काय असतं हे आपण सगळ्या जाणतो.

पुढं कुणाला मुक्कामाची सोय करायची असेल तर पर्यटन विभागाचं 'आई' हे महिलांसाठीचं धोरण २०२३ पासून आहे. त्यात पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात मदत मिळते. पण आधी एक वर्ष नुसतं जेवण आणि वाट दाखवणं करून बघा. कर्ज घेऊन खोली बांधली आणि पाहुणाच आला नाही, तर हप्ता काही थांबत नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारून यावं: आपल्या पांढरीला लोक काय म्हणतात, तिथं पूर्वी काय सापडायचं, केळना नदीकाठची कोरीव लेणी तिनं कधी पाहिली का. हे सगळं वहीत उतरवू. वाट दाखवणारीला त्यातूनच बोलायचं आहे. आणि कुणाच्या डब्यात जुने मणी, नाणं काही असेल तर विकू नका, धुवूही नका. कुठं सापडलं ते चिठ्ठीवर लिहून त्याच डब्यात ठेवा, आपण मिळून तहसीलला कळवू. आईच्या जुन्या बटव्यात माझाही एक मणी निघाला आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा, लाल. त्याची चिठ्ठी मी लिहिली: घरामागचा उतार, लिंबाच्या झाडाखाली, पहिला पाऊस.