बूस्ट गेजची दोन शून्ये



टर्बोचार्जर असलेल्या काही मोटारींत चालकासमोर एक छोटे गोल उपकरण मागाहून बसवलेले दिसते. त्याचा काटा कधी शून्याच्या खाली, तर कधी वर फिरत असतो. हेच बूस्ट गेज. १९७७ साली लोकांपुढे आलेल्या साब ९९ टर्बो या स्वीडिश मोटारीत ते कारखान्यातच बसवलेले होते. इतर पुष्कळ मोटारींचे मालक मात्र ते बाजारातून आणून बसवून घेतात. काम वरवर पाहता सोपे आहे. एक नळी आणि तीन-चार वायरी जोडल्या की झाले! पण त्यांतली एकही चुकीच्या जागी जोडली, तर काटा खुशाल खोटे सांगतो. त्या खोट्यावर विसंबणाऱ्याच्या इंजिनाचा दट्ट्या जळू शकतो. असे का होते, ते आज आपण पाहू.

गेज काय मोजते?

पेट्रोल इंजिन हवा आत ओढते. वाटेत थ्रॉटल नावाची झडप असते. इंजिन नुसते चालू असते, तेव्हा ही झडप जवळजवळ बंद असते. त्यामुळे तिच्या पलीकडच्या भागात, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, हवेचा दाब सुमारे ०.३५ बारपर्यंत उतरतो. बाहेर वातावरणाचा दाब असतो सुमारे १ बार. ॲक्सिलरेटर दाबला की झडप उघडते, आणि टर्बोचार्जर आपले काम सुरू करतो. स्विस अभियंता आल्फ्रेड बुची याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले होते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरते, आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून मॅनिफोल्डमध्ये भरते. तेथला दाब आता १.७ बार झाला असे समजा. यातून वातावरणाचा १ बार वजा करा. उरलेला ०.७ बार म्हणजे 'बूस्ट'.

वजाबाकी हा येथे महत्त्वाचा शब्द आहे. गेज एका जागेचा दाब सांगत नाही, दोन जागांच्या दाबांतील फरक सांगते. ०.७ बार किती, याची कल्पना यावी म्हणून सांगतो: तेवढ्या दाबाने पाण्याचा सुमारे ७ मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरता येईल. दुमजली घराएवढी ही उंची झाली!

पहिले शून्य : दाबाचे

यांत्रिक बूस्ट गेजमध्ये बूर्दाँ नळी असते. यूजेन बूर्दाँ या फ्रेंच कारागिराने तिचे पेटंट १८४९ साली घेतले. चपटी, वाकवलेली धातूची नळी घ्यावी; आतला दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते, कमी झाला की अधिक वाकते. तिच्या टोकाची हालचाल दातेरी चाकांनी काट्याला मिळते. नळीच्या आत मॅनिफोल्डची हवा, बाहेर मोटारीतली हवा. दोन्ही सारख्या झाल्या की काटा शून्यावर!

विद्युत गेजमध्ये हे काम सेन्सर करतो. तो इंजिनाजवळ असतो. त्यात सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. पडदा वाकला की त्यावरील रोधांचे मूल्य बदलते आणि त्याप्रमाणे सेन्सरातून कमीजास्त व्होल्ट बाहेर पडतात. अनेक सेन्सरांत पडद्याच्या एका बाजूला कायमची बंद केलेली निर्वात पोकळी असते. असा सेन्सर दाब निर्वातापासून मोजतो. वातावरणाचा दाब गेजला वेगळा वजा करावा लागतो.

आता नळी कोठे जोडायची? थ्रॉटल आणि इंजिन यांच्यामधल्या, मॅनिफोल्डवरच्या मोकळ्या तोंडाला. थ्रॉटलच्या अलीकडे जोडली तर शून्याखालचे आकडे नीट दिसणारच नाहीत. ब्रेकला साहाय्य करणाऱ्या निर्वाताच्या नळीवर मात्र कधीही टी-जोड घालू नये. तेथे एकाच दिशेने उघडणारी झडप असते. तिच्या ब्रेककडील बाजूला जोडलेले गेज केवळ साठलेला निर्वात दाखवील. आणि जोड गळू लागला तर ब्रेक दाबायला जड जाईल.

दुसरे शून्य : विजेचे

व्होल्टचेही तसेच आहे. 'हा बिंदू ३ व्होल्टवर आहे' असे म्हणताना मनात धरलेले असते, 'अर्थच्या मानाने'. मोटारीत अर्थ म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला धातूचा सांगाडा. सगळा सांगाडा एकाच विभवावर असतो असे आपण धरून चालतो. पण गंजलेल्या बोल्टखाली अर्थची वायर आवळली, तर तेथे थोडा रोध येतो.

एक हिशेब करू. समजा, दाब ० ते ३ बार बदलला की सेन्सर ०.५ ते ४.५ व्होल्ट देतो. म्हणजे १ व्होल्टला ०.७५ बार. सेन्सराची अर्थ नीट आहे आणि त्याचा वीजपुरवठा बदलत नाही असे धरू. गेजची अर्थ मात्र एका गंजलेल्या बोल्टावर आहे आणि त्याच बोल्टावर मोटारीतल्या पंख्याचीही अर्थ आहे. जोडाचा रोध केवळ ०.०२ ओहम. पंखा लावला, १० ॲम्पिअर धारा वाहू लागली. ओहमच्या नियमाने:

१० × ०.०२ = ०.२ व्होल्ट

गेजचे शून्य ०.२ व्होल्टने वर उचलले गेले. म्हणून सेन्सराचा संदेश त्याला तेवढाच कमी वाटतो, आणि काटा ०.२ × ०.७५ = ०.१५ बार कमी दाखवतो. खरा बूस्ट ०.८५ बार, काटा ०.७ वर! बूस्ट जास्त झाला की सिलिंडरमधील मिश्रण अधिक तापते, वेळेआधी आपोआप पेट घेते, आणि ठोठावण्याचे हादरे दट्ट्याला बसतात. चालक मात्र निश्चिंत असतो. म्हणून अर्थसाठी रंग खरवडलेली, स्वच्छ जागा निवडावी आणि तेथे मोठी धारा घेणारे दुसरे काही जोडू नये. सेन्सराची अर्थ वायर गेजसोबत आली असेल, तर ती माहितीपत्रकाप्रमाणे गेजलाच जोडावी.

वितळतार कोठे?

समजा, गेजची धन वायर पत्र्याच्या कडेवर घासून सोलली गेली आणि सांगाड्याला टेकली. मार्गाचा एकूण रोध ०.०५ ओहम असला, तर १२ व्होल्टला धारा होईल २४० ॲम्पिअर! बारीक वायर क्षणात लाल होईल, आवरण पेटेल. गेजला स्वतःला लागते ती जेमतेम १ ॲम्पिअर किंवा त्याहूनही कमी. म्हणून माहितीपत्रकात दिलेली लहान वितळतार, म्हणजेच फ्यूज, घालावीच. आणि ती गेजजवळ न घालता, वायर जेथून वीज घेते त्या टोकाजवळ घालावी. वितळतार आपल्या पुढच्या वायरीचेच रक्षण करते, मागच्या वायरीचे नाही. पत्र्यातील भोकात रबरी कडे बसवावे.

काम अनुभवी मेकॅनिकच्या हातूनच करवावे. तो प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवील. का? धन टोक आधी सोडवताना पाना सांगाड्याला लागला, तर तीच २४० ॲम्पिअरची गोष्ट! आणखी एक: समोरच्या काचेशेजारच्या खांबावर गेज शोभून दिसते, पण आजच्या अनेक मोटारींत तेथे एअरबॅग दडलेली असते. ती फुगली तर गेज गोळ्यासारखे चेहऱ्यावर येईल. तेथे ते बसवू नये.

करून पाहा

पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंग्रजी 'यू' अक्षरासारखी टांगा व अर्धी पाण्याने भरा. एका तोंडाने हळूच फुंकून आणि ओढून पाहा. (पाणी तोंडात येऊ देऊ नका!) दोन पातळ्यांत १० सेंटिमीटर अंतर पडले, तर तुमचा बूस्ट सुमारे ०.०१ बार झाला. आता दुसरे तोंड बोटाने बंद करून पुन्हा फुंका. पाणी फारसे का हलत नाही?

शेवटी एक प्रश्न. मुंबईत वातावरणाचा दाब १.०१ बार, महाबळेश्वरला सुमारे ०.८६ बार. एका मोटारीत बूर्दाँ नळीचे गेज आहे. दुसरीत निर्वातापासून मोजणारा सेन्सर, ज्याचे शून्य मुंबईत कायमचे लावून दिले आहे. दोन्ही मोटारी घाट चढून महाबळेश्वरला उभ्या आहेत, इंजिने बंद आहेत. कोणता काटा काय दाखवील? वजाबाकी कोणापासून, एवढे विचारा. उत्तर आपोआप मिळेल.