काळ्या मातीवर घर बांधताना

बाभुळगावच्या परिसरात घर काढायला निघालेला माणूस आधी विचारतो, सिमेंट कोणत्या कंपनीचं घ्यावं आणि लोहा कोणता. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातली काळी जमीन कपाशीला जितकी मानवते तितकीच भिंतींना नडते. तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की आक्रसून भेगाळते. शेतात ज्या भेगा आपण दर उन्हाळ्यात पाहतो, त्याच घराखालीही पडू पाहतात. न्हाणीच्या कोपऱ्याखालची माती बारमाही ओली, उन्हाच्या बाजूची कोरडी. म्हणजे घर एका बाजूने उचललं जातं आणि दुसऱ्या बाजूने खचतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघणारी भेग बहुतेक वेळा या ओढाताणीची असते. सिमेंट कितीही भारी असलं तरी ती थांबत नाही आणि पुट्टीने बुजवली तरी पुढच्या मोसमात पुन्हा दिसते.

कुठलाही माल मुळात चांगला किंवा वाईट नसतो, त्याची जागा ते ठरवते. याचा पुरावा तालुक्यातच आहे. खडकसावंग्याजवळचं बेंबळा धरण मातीचं आहे. मातीच्या धरणांत पाणी अडवण्यासाठी गाभ्याला चिकट काळी माती घालतात आणि तिला बाहेरून मुरमाचं कवच देतात. पाणी झिरपू न देण्याचा जो गुण धरणाच्या गाभ्यात सोन्यासारखा, त्याच मातीचं फुगणं-आकसणं घराच्या पायाला विष. म्हणून पाया काळ्या थराच्या खाली, घट्ट मुरमापर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असेल तर खाली फुगीर कंद असलेल्या पाइल्स, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, आणि त्यांना बांधणारा बीम, हा मार्ग आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तो अशाच जमिनींसाठी विकसित केला. खोदलेली काळी माती पुन्हा जोत्यात भरू नये. ती फुकट मिळते, म्हणून नेमकी तीच भरली जाते. घराभोवती उतार देऊन फरसबंदी करावी आणि सांडपाणी भिंतीपासून दूर न्यावं.

यावर कोणी म्हणेल, आजोबांचं मातीचं घर याच जमिनीवर दोन पिढ्या उभं राहिलं, तेव्हा कुठे पाइल होत्या? खरं आहे. पण ती भिंत जाड आणि थोडी वाकणारी होती, तडा गेला की दरवर्षी लिंपून घेतली जायची. विटा-सिमेंटची भिंत ताठ असते, जमीन हलली की ती तुटते. शिवाय जुनं ते सगळं मजबूत, असंही नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद कोसळून हजारो माणसं गेली. दगड कमजोर नव्हता. दगडांना एकमेकांशी बांधून ठेवणारं काही नव्हतं.

मालाकडे वळलं तरी हाच न्याय लागतो. 53 ग्रेडचं सिमेंट लवकर ताकद धरतं, म्हणून मिस्त्री ते मागतात. घराच्या कामाला मात्र मी राखमिश्रित सिमेंटच सुचवेन. त्यात 15 ते 35 टक्के वीजकेंद्राची राख असते, त्याची ताकद सावकाश वाढत जाते आणि काँक्रीट अधिक घट्ट होतं. अट एकच: त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं. भारतीय मानक 456 अशा सिमेंटला किमान 10 दिवस सांगतं आणि उष्ण, कोरड्या हवेत 14 दिवसांची शिफारस करतं. आपला उन्हाळा त्यातच मोडतो. तिसऱ्या दिवशी स्लॅबवर पाणी मारणं थांबलं, तर महागातलं सिमेंटही वाया जातं. तेच माल कालवतानाच्या पाण्याचं. 50 किलोच्या पिशवीला 25 ते 27 लिटर पाणी पुरतं, रेती ओली असेल तर त्याहून कमी. माल सरकावा म्हणून वर ओतलेली प्रत्येक बादली पुढे उडून जाते आणि मागे छिद्रं ठेवते. त्या छिद्रांतून हवा-पाणी लोह्यापर्यंत पोचतं, गंज चढतो, गंजलेलं लोखंड फुगतं आणि कव्हर, म्हणजे लोह्यावरचा काँक्रीटचा थर, फोडून बाहेर येतं. पायात 50 आणि कॉलमला 40 मिलिमीटर कव्हर ठेवायला सांगितलं आहे ते यासाठीच. तिथे विटेचे तुकडे किंवा गिट्टी नको, सिमेंटचे ठोकळे लावावेत.

पैशाचा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. ग्रामीण घरकुलाला प्रधानमंत्री आवास योजनेतून सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये ठरले. एवढ्यात पाइल कुठून आणायच्या? पण कव्हरचे ठोकळे, मोजून घातलेलं पाणी, 14 दिवसांची ओली गोणपाटं आणि जोत्यातला मुरूम यांना मोठा खर्च नाही, देखरेख लागते. जिथे खरंच पैसा लागतो, तिथे तो दर्शनी सजावट आणि टाइल्समधून काढून पायात घालावा. टाइल पुढेही बदलता येते, पाया नाही. लहान पण भक्कम घर आधी, वाढीव खोली नंतर, हे मला पटतं.

विटांची ऑर्डर देण्याआधी, उन्हाळ्यातच, प्लॉटमध्ये एक खड्डा खणा. मुरूम किती फुटांवर लागला ते मोजा आणि तो आकडा घेऊन अभियंत्याकडे जा.