फेरफाराची शिस्त आणि संगणकातील बदल

पारनेर तालुक्यातील एखाद्या खातेदाराचे निधन झाले, तरी वारसांची नावे सात-बारावर तोंडी सांगण्यावरून चढत नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४९ अन्वये वारसांनी तीन महिन्यांत वर्दी द्यावयाची असते. कलम १५० प्रमाणे ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) फेरफार नोंदवहीत नोंद घेतात, तिची प्रत चावडीवर लावतात व हितसंबंधितांना नोटीस देतात. हरकत आल्यास तिचा निर्णय होतो. नोंद प्रमाणित झाल्यावरच सात-बारा बदलतो.

डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा १ मे २०१८ पासून ऑनलाइन मिळू लागला. त्यामुळे नोंदीइतकेच नोंद ठेवणाऱ्या संगणक यंत्रणेतील बदलांनाही महत्त्व आले. वहीतील चूक एका खात्याला बाधते. यंत्रणेतील चूक एकाच वेळी अनेक गावांचे उतारे व त्यांवर अवलंबून असलेली पीककर्जाची प्रकरणे अडवू शकते.

संगणक सेवांच्या व्यवस्थापनाची एक पद्धती ब्रिटिश शासनाच्या यंत्रणेने १९८० च्या दशकात विकसित केली. तिच्या आधारे आज बदलांचे तीन प्रकार मानले जातात.

१. प्रमाणित बदल : नेहमीचा, कमी जोखमीचा व कार्यपद्धती ठरलेला. उदाहरणार्थ, त्याच प्रकारचा नवा छपाईयंत्र जोडणे. यास पूर्वमंजुरी असते.

२. सर्वसाधारण बदल : उदाहरणार्थ, प्रणालीची नवी आवृत्ती बसविणे. येथे मागणीची नोंद, परिणामांचा विचार, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी, चाचणी, अंमलबजावणी व फेरतपासणी हे टप्पे क्रमाने येतात. बदल फसल्यास पूर्वस्थितीवर येण्याची तजवीज आधीच केलेली असावी. फेरफाराशी अधिक साम्य याच प्रकाराचे आहे.

३. तातडीचा बदल : सेवा बंद पडणे किंवा माहितीस धोका निर्माण होणे, अशा प्रसंगी करावयाचा. मंजुरी त्वरित मिळते. सविस्तर नोंद मागाहून केली तरी चालते, पण ती टाळता येत नाही.

तातडीच्या नावाखाली नित्याचे बदल उरकणे हा या पद्धतीतील मोठा धोका होय. महसुली कामातही हाच विवेक लागतो. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी असलेले कलम १५५ वादग्रस्त हक्क ठरविण्याची आडवाट होऊ नये.

तालुका कार्यालय असो वा ग्रामपंचायत, प्रत्येक संगणकाजवळ बदलांची एक साधी नोंदवही असावी. बदल कोणी मागितला, कोणी मंजूर केला, केव्हा झाला व परिणाम काय झाला, एवढे तीत लिहावे. फेरफार नोंदवही जमिनीच्या हक्काचा मागोवा ठेवते. ही वही सेवेच्या विश्वासार्हतेचा ठेवील.