घोड्याची निगा आणि साजाची पारख

सोलापूर–तुळजापूर मार्गावरील तामलवाडीसारख्या गावांतून आता ट्रॅक्टर व मोटारी आल्या आहेत. तथापि घोड्याचे काम अगदीच संपलेले नाही. मेंढ्यांच्या कळपामागून धनगराचे बिऱ्हाड वाहणारे तट्टू आणि वरातीची घोडी यांवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ आजही अवलंबून असतो. दख्खनच्या या काटक तट्टांची भीमथडी ही जात राष्ट्रीय पातळीवर 2023 साली नोंदली गेली. असे जनावर पाठ सोलली गेल्याने कित्येक आठवडे निकामी झाले, तर ऐन स्थलांतरात बिऱ्हाड अडून बसते. पाठीच्या बहुतेक जखमा अयोग्य साजामुळे होतात. यास्तव खरेदीपूर्वी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

खराऱ्याची साधने

रबरी खरारा, ताठ केसांचा ब्रश, मऊ ब्रश, खूर साफ करण्याची आकडी व सुती फडके एवढी साधने पुरेशी आहेत. लोखंडी खरारा हाडावर कातडी पातळ असते तेथे, म्हणजे पाय व तोंड यांवर, चालवू नये. खोगीर चढविण्यापूर्वी पाठ व तंगाची जागा रोज झाडावी. केसांत राहिलेला धुळीचा कण खोगिराखाली कानशीसारखा घासतो. खुराच्या तळाशी अडकलेले खडे व पावसाळ्यातील चिखल दररोज काढावा. एका घोड्याचा खरारा दुसऱ्यास वापरू नये, कारण गजकर्ण व उवा त्यातूनच पसरतात.

साबण, तेल व औषधे

बाटलीवरील घोड्याच्या चित्रावर जाऊ नये; घटक, वापरण्याची रीत व मुदत वाचावी. कपड्याचा साबण व धुण्याचा सोडा कातडी कोरडी करतात. घाम आल्यावर साध्या पाण्याने धुणे बहुधा पुरते. नवे तेल वा शॅम्पू प्रथम मानेवर तळहाताएवढ्या जागी लावून एक दिवस वाट पाहावी. पुरळ किंवा सूज आल्यास ते वापरू नये. यंत्रातून काढलेले जळके तेल कातडीला किंवा खुराला कदापि लावू नये. गोचीडनाशक औषधाचे प्रमाण पशुवैद्यकाकडूनच घ्यावे. घोड्यास धनुर्वात लवकर होतो; यासाठी खिळ्याची अथवा साजाची जखम लहान दिसली तरी ती दवाखान्यात दाखवावी व लस टोचून घ्यावी.

खोगीर

खोगिराचा भार पाठीच्या कण्यावर न पडता दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर पडला पाहिजे. खोगीर घोड्यावर ठेवून, स्वार बसल्यावरही, खांद्यामागील उंचवटा व खोगीर यांमध्ये दोन-तीन बोटे जाण्याइतकी जागा राहते काय, ते पाहावे. थोडे फिरवून आणल्यानंतर खोगीर काढावे. सर्वत्र सारखा घाम आलेला असून एखादीच जागा कोरडी राहिली असेल, तर तेथे अधिक दाब पडला असे समजावे. नमदा जाड घालून वाईट खोगीर चांगले होत नाही.

लगाम, रिकीब व तंग

लगामाची तोंडातील कांब गुळगुळीत असावी व ओठांच्या दोन्ही बाजूंस सुमारे अर्धा सेंटिमीटर बाहेर यावी. काटेरी कांब घोड्यास वश करीत नाही, जखमी करते. 1965 च्या ओझेवाहू जनावरांविषयीच्या नियमांनी तिला मनाई केली आहे. रिकीब जोड्याच्या तळव्याहून सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद असावी, म्हणजे पडताना पाय अडकत नाही. तंगाचे चामडे वाकवून तडे व प्रत्येक टाका ओढून पाहावा. तो तुटला तर स्वाराचा जीव धोक्यात येतो.

ओझ्याचा हिशेब

छातीचा घेर (सेंटिमीटर) त्याच घेराने गुणावा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणून 11,880 ने भागावे. अंदाजे वजन किलोत मिळते. घेर 150 व लांबी 140 असल्यास वजन सुमारे 265 किलो होते. साजासह स्वाराचे वजन याच्या एक-पंचमांशाहून, म्हणजे 53 किलोंहून, अधिक नसणे बरे. वरील नियमांत तट्टासाठी पाठीवरील ओझ्याची कमाल मर्यादा 70 किलो आहे. ती कमाल होय. लहान वा अशक्त तट्टास ती लावणे योग्य नाही.

खरेदी

सारंगखेडा व माळेगाव येथील यात्रांत घोड्यांबरोबर साजाचीही दुकाने लागतात. कानपूरची खोगिरेही प्रसिद्ध आहेत. शक्यतो घोडा सोबत नेऊन खोगीर बसवून पाहावे. ते शक्य नसल्यास पाठीचा आकार तारेने उतरवून न्यावा. पैसा मोजकाच असेल तर तो प्रथम योग्य खोगीर व मजबूत तंग यांवर खर्चावा. गोंडे, घुंगरू व रंगीत झूल नंतर. ग्रामकार्यकर्त्यांनी गावातील घोडेवाल्यांना एकत्र करून एका घोड्यावर या कसोट्या प्रत्यक्ष करून दाखवाव्यात.